कारणाचा रकाना

तिचं नाव इथे लिहीत नाही.
बदललेलं नावही देत नाही,
आधीच पुष्कळ जणांनी तिचं पुष्कळ काही बदलून सांगितलंय.
वय सात. बेड नंबर चार, खाडीकडच्या खिडकीचा.

आजी म्हणाली, "काजीचो चीक लागलो ओ, बाय.
बाकी काय नाय."
मी मान हलवली. लिहिलं नाही.
मी मुणग्याची, काजी सोलत वाढलेली;
ओठाच्या कडेला अजून दोन काळे वण आहेत.
चीक ओघळतो, वाट फुटेल तसा जातो,
त्याला कड नसते.
या पाठीवरच्या डागाला कड होती. गोल.
आत ओळीने ठिपके,
वडे तळायच्या झाऱ्याला असतात तसे.
शिवाय आश्विन चाललाय, भात कापायला आलंय.
ओली काजी आत्ता कुठून आणलीस, आजी?
हे विचारलं नाही.
तिचे हात थरथरत होते
आणि दाराशी तो उभा होता,
जेटीवर बर्फाचा कारखाना असलेला, सगळ्यांना नावाने हाक मारणारा.

डॉक्टर खडपे नवे. म्हणाले,
"सिस्टर, सांगतायत ते लिहा. आपण काय पोलीस आहोत?"
केसपेपरवर 'कारण' हा रकाना दोन बोटं रुंद.
अकरा वर्षांपूर्वी, पडेलच्या उपकेंद्रात,
याच रकान्यात मी लिहिलं होतं : माडावरून पडून.
मुलगा चार वर्षांचा होता.
चार वर्षांचं पोर माडावर चढत नाही.
अक्षर माझंच, वळणदार,
शाळेत बक्षीस मिळालेलं.

या वेळी दोन ओळी लिहिल्या.
नातेवाइकांनी सांगितलेलं : काजूचा चीक.
मला दिसलेलं :
आणि मापं, ठिपक्यांची संख्या, खाली सही.
दुसरी ओळ रकान्यात मावली नाही,
समासात गेली.

ड्रेसिंगच्या वेळी तिने विचारलं, "दुखतला?"
"हो, दुखेल. दहा आकडे होईपर्यंत.
मग मी थांबेन."
यमुनाताई आया बघतच राहिली.
पोरांना आपण मुंगी चावेल एवढंच सांगतो.
पण हिला गोड बोलणारे कमी भेटले नव्हते.
दहापर्यंत मोजलं. थांबले.

रात्री, भरतीचं पाणी धक्क्याला लागलेलं,
ती कानाशी म्हणाली,
"कोणाक सांगूचा नाय हां. माजी शपथ घे."
'नाही सांगणार' म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं.
किती सोपं. शांत झोपली असती.
"शपथ नाही घेणार," म्हटलं.
"तुला कोणी भाजू नये हे बघणं ज्यांचं काम,
त्यांना सांगावंच लागेल. गावात कोणाला नाही.
आणि आधी तुला सांगतेय."
तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मागच्या विहिरीपाशी तेवढी रेंज येते.
दहा, नऊ, आठ, एवढेच आकडे,
दोनदा चुकले.

तिच्या डोक्यावरच्या पंख्यावर पांढऱ्या रंगात लिहिलंय
'सप्रेम भेट', आणि पुढे त्याचंच नाव.
फिरत असतो तोवर वाचता येत नाही.
वीज जाते, पाती मंदावतात,
अक्षरं एकेक करून जुळतात
आणि ती डोळ्यांवर हात घेते.
मी बेड पलीकडच्या भिंतीला हलवला.
शिपायाने विचारलं, का?
"तिथे गळतं," म्हटलं.
हे खोटं. आश्विनात गळत नाही.
हेही माझ्या अक्षरात असू दे.

समितीच्या बाई येऊन गेल्या. पुढचं मला माहीत नाही.
आजी माझ्याकडे बघत नाही.
लसींच्या डब्यासाठी येणारा बर्फ बंद झालाय.

तिसऱ्या दिवशी ट्रे घेऊन गेले.
भिंतीकडे तोंड करूनच ती बोलली,
"आज किती?"
"आठ," म्हटलं.
गॉज उचलायच्या आत
तिनेच म्हटलं, एक.